लेकीचं शील्ड
तारा जोडायच्या सोल्डरचा धूर नाकात गेला की ती दुपार आठवते. श्रीपेरुंबुदूरच्या कंपनीतली लेकीची नोकरी गेली होती, घरात दोन्ही वेळ रसमभात. ती म्हणाली, "अम्मा, शील्ड बनवतेय. दिवा लागला तर ऑर्डर मिळेल." मी शाळा पाहिलेली नाही. शील्ड म्हणजे बक्षीस, एवढंच ठाऊक. गल्लीभर सांगून आले. बायका मल्लीपूचे, म्हणजे मोगऱ्याचे, गजरे घेऊन हजर! लेकीनं तळहाताएवढी हिरवी पट्टी दाखवली, दुसऱ्या बोर्डावर टोपीसारखी बसणारी. तिलाच म्हणे शील्ड म्हणतात. "अय्यो, कप नाही?" शेजारची मामी म्हणाली. लेक हसतहसतच वायर जोडायला बसली. लाल दिवा लागला. बायकांनी टाळ्या पिटल्या. ऑर्डर मिळाली. आता तिच्या हाताखाली कामाला पोरी आहेत. ते शील्ड मी शोकेसमध्ये ठेवलंय. "अम्मा, कुंकू नको लावूस, बिघडेल ते!" "बिघडू दे. बक्षीस आहे ते."