सुट्टी आणि सुतक

या खेपेला जयराजची सुट्टी रेश्माने ठरवली होती, आणि हे घरात कळलं असतं तर तिची धडगत नव्हती. सैन्यातल्या माणसाने घरी कधी यायचं ते त्याचा साहेब ठरवतो, फार तर आई. बायकोचा त्यात काय संबंध! पण लग्नाला चौथं वर्ष लागलं तरी कूस उजवेना, आणि सासू मनुबाई मलकापूरला कुणाची तरी मुलगी बघून आल्या. उघड काही बोलल्या नाहीत. जेवताना नुसतं म्हणाल्या, "पोरगी लय कामाची हाय." रेश्मा काय ते समजली.

माहेरी जायचं निमित्त काढून ती कराडच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तपासलं, तुझ्यात दोष नाही म्हणाल्या. नवरा वर्षातून एकदाच येतो हे ऐकल्यावर मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. गावच्या बायका सांगायच्या, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की तेच दिवस खरे. बाई म्हणाल्या, "ते फार लवकर होतं गं. दोन पाळ्यांच्या मधले पाच-सहा दिवस धर. अंगावरचं पाणी अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं बुळबुळीत झालं, तार धरायला लागलं, की दिवस आले समज. ते सुकलं की तो महिना गेला."

रेश्माने चार महिने ध्यान ठेवलं. खूण दर महिन्याला मधोमध दिसायची. मग उंब्रजच्या बूथवर जयराजचा फोन आला तेव्हा, काचेबाहेर लोक ताटकळत असताना, तिने लाजत लाजत त्याला कधी यायचं ते सांगितलं. तो पलीकडून नुसतं "व्हय, व्हय" करत राहिला. पण गडी शब्दाचा पक्का. साहेबाची मनधरणी करून त्याने तीच सुट्टी मिळवली.

तो आला त्या दिवशी मनुबाईंनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याचं अंथरूण बाहेर सोप्यात घातलं. पालीच्या खंडोबाला त्यांचा नवस होता. दोघांनी जोडीने तळी भरायची, आणि देवाचं होईस्तोवर वेगळं निजायचं. दर सुट्टीला हे असंच चाले. नातू पाहिजे म्हणून देव, आणि देव पाहिजे म्हणून लेक सोप्यात, सून माजघरात! यातली गंमत त्या घरात कुणाच्या ध्यानात आली नव्हती. तळी येत्या रविवारी होती. रेश्माने मनात हिशेब केला, रविवारनंतरचे दिवस हाती लागत होते. तिने कळ काढली.

शुक्रवारी भावकीतला नाथाजी म्हातारा गेला. जन्मभर कधी कुठे वेळेवर न पोचलेल्या माणसाने जायला नेमका हाच मुहूर्त साधला. सुतक लागलं. दहा दिवस देव बंद. "आता तळी सुतक फिटल्यावरच्या रविवारी," मनुबाई म्हणाल्या. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी जयराजची गाडी होती.

सोमवारी सकाळी रेश्माला खूण दिसली. तिने घरामागच्या परड्यात जाऊन जयराजला गाठलं आणि दिवस आजपासूनच आहेत म्हणून सांगितलं.

"आईला कोन सांगनार?" तो म्हणाला.

रेश्माला असा संताप आला की बोलता सोय नाही. सरहद्दीवर बंदूक घेऊन उभा राहणारा मर्द, आणि आईसमोर शेळी! दुपारपर्यंत ती धुमसत राहिली. मग मनुबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या तिथे जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, द्येवाचं नंतर करू. पर माझं दिस आत्ताच हायती."

"कसलं दिस?"

रेश्माने लाज गिळून सगळं सांगितलं. डॉक्टरीण, खूण, फोनसुद्धा. आता शिव्या पडणार म्हणून तिने पदर घट्ट धरला. मनुबाईंचा हात सुपातच थांबला होता.

"म्हंजी ह्ये दिस गेलं की गेलं?"

"व्हय."

"मग पुढल्या म्हैन्यात..."

"पुढल्या म्हैन्यात ते जम्मूला असत्याल, आत्याबाई."

मनुबाई हळूच म्हणाल्या, "आन् मागल्या सुट्टीत? त्येच्या आदल्या? मी येगळं निजवलं तवाबी ह्येच दिस व्हतं का गं?"

रेश्माला तरी काय ठाऊक? तेव्हा तिने ध्यान कुठे ठेवलं होतं! "न्हाई" म्हणाली असती तर म्हातारी सुटली असती. पण इतकी वर्षं सोसलेलं आड आलं आणि ती खरं तेच बोलली.

"म्हाईत न्हाई."

मनुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "जयराज," त्यांनी हाक मारली, "तुजं अंथरून आत ने."

"आई, सुतक हाय."

"तुला कुनी इचारलं? द्येवाला काय सांगायचं त्ये मी सांगती."

त्या तडक नाथाजीच्या घरी गेल्या, आणि बायकांत बसून जो हंबरडा फोडला त्याचं साऱ्या भावकीला नवल वाटलं. बांधाच्या भांडणावरून दोघांची कैक वर्षं बोलाचाल नव्हती. नाथाजीची सून साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "गप ऱ्हावा, आत्या," ती म्हणाली, "वय झालं व्हतं त्येंचं. सोनं झालं."

मनुबाईंनी तांब्या घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"लय वर्सं घालवली गं मी," त्या म्हणाल्या.