परदेशी मुलीच्या हातचं लेकरू

सत्तरच्या दशकात मी केदारखेड्याच्या दवाखान्यात नर्स होते. विलायतेत डॉक्टरकी शिकणारी एक मुलगी खेड्यातलं काम बघायला महिनाभर आमच्याकडं आल्ती. साडीला जागोजागी पिना लावायची आणि आमचं ऐकून ऐकून "मी शिकून राह्यले" म्हणायची.

एका सकाळी मळ्यातून बोलावणं आलं. आम्ही पोचलो तेव्हा लेकरू येतच होतं. तिनं ते हातात झेललं. मुलगी होती, पण रडेना. मी नाक-तोंड पुसलं, तिनं पाठ चोळली, मग इवल्याशा तोंडावर तोंड ठेवून हलकेच फुंकर घातली. पोरीनं टाहो फोडला.

लेकरू छातीशी धरून ती रडता रडता हसायला लागली. "सिस्टर, आमच्याकडं आम्ही शिकणारे बाळंतपण लांबून बघतो. हिला मी धरलं."

"मंग आता आईलाबी धरू द्या की, बाई," बाळंतिणीची सासू म्हणाली.

परतताना वाटेत भेटेल त्याला ती सांगत होती, "मुलगी झाली." मी तोवर कैक बाळंतपणं केल्ती, आणि कधी कुणाला मुद्दाम थांबवून सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मीही तिच्या बरोबरीनं सांगत सुटले.