पहिली यादी माझ्या सहीची

माझ्या मामाचा उजवा हात २००७ साली, दसऱ्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी सातच्या सुमारास मिठबावच्या समुद्रात मोडला. मोडला कसला, मोडण्यात आला. अर्धा गाव वाळूत उभा राहून रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर ओढत असताना ट्रॉलर किनाऱ्याला खेटून आला आणि त्याच्या पंख्याने आमचं जाळं फाडलं. मामा होडी घेऊन जाब विचारायला गेला. मी मागे वल्ह्यावर होतो. वरून लोखंडी कांब आली. हाड मोडल्याचा आवाज मला होडीत ऐकू आला. मामा पाण्यात पडला, वर आला, तसा त्याच्या तोंडावर बांबू हाणला. दोन दात गेले.

आणि गुन्हा कोणावर? मामावर. कोयती घेऊन ट्रॉलरवर चढला म्हणे.

दसऱ्याआधीच आमच्या रापणकरांच्या समितीने मत्स्य खात्याच्या कार्यालयाला तीन मेल केले होते. ट्रॉलर आत येतात, खलाशी हात तोडायची धमकी देतात, असं त्यात मीच लिहिलं होतं. ते मेल जामसंड्याला मित्राच्या खोलीत, लिनक्सवर चालणाऱ्या जुन्या संगणकावर होते. प्रत्येक मेलची वेगळी फाइल. बुधवारी सकाळी ट्रॉलरवाल्यांचे चौघे काठ्या घेऊन तिथे शिरले. मॉनिटर फोडला, मग मित्राचं डोकं. डिस्क वाचली. घाबरून मी दुपारीच सगळे मेल दुसऱ्या डिस्कवर कॉपी केले, उसन्या मॉनिटरवर तारखेनुसार यादी काढायची कमांड दिली, यादी छापली, खाली सही ठोकली आणि ठाण्यात दिली. वाचली मात्र नाही.

हवालदाराने वाचली. प्रत्येक मेलसमोर बुधवार.

"मार खाल्ल्यावर अर्ज सुचले काय रे?"

कॉपी करताना फाइलला कॉपीची वेळ चिकटली होती. कमांडने फाइलची तारीख लावली, मेलची नव्हे. आम्ही रापणकर, मासळी वाळूला लागली तो तिचा दिवस, पाण्यात कधीपासून होती ते कोण विचारतो? मीही तसंच धरलं.

मामाला दवाखान्यात सांगितलं. तो प्लास्टरकडे बघत म्हणाला, "तेंनी माजो हात मोडल्यानी. तू माजा तोंड बंद केलंस."

मग डोकं ताळ्यावर आलं. आमच्या मेलमधली तारीख दाखवली असती तर घड्याळ तुम्हीच फिरवलंत म्हणाले असते. म्हणून कार्यालयाकडून मेलनेच आलेल्या तीन पोचपावत्या त्याच डिस्कवरून काढल्या. मेल कधी पोचला याची ओळ त्यांच्या सर्व्हरने प्रत्येकीत लिहिलेली होती. तेवढ्याच ओळी उपसून क्रमाने लावल्या. पहिल्या खेपेला ऑक्टोबर सप्टेंबरच्या वर आला, कारण मशीनने महिन्यांची इंग्रजी नावं अक्षरांच्या क्रमाने लावली, O आधी, S नंतर. महिना महिना म्हणून लाव, असं सांगावं लागलं. मग तिन्ही मेल दसऱ्याच्या आधी, सरळ एकाखाली एक.

ठाण्यातल्या साहेबांनी कागद परत सरकवला. पहिली यादी तुमच्याच सहीची, ती कागदपत्रांना लागली, आता ही कशाला, म्हणाले. बाहेर पडताना मी दरवाज्यावर लाथ घातली, त्याचाही गुन्हा झाला.

खटला उभा आहे. मशीनने जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. गाववाल्यांनो, त्या सकाळी दोर तुमच्या हातात होता. कांब कोणी उचलली, कोयती होती की नव्हती, तुम्ही पाहिलंत. ठाण्यात जा, जबाब लिहून द्या, आणि पोच हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.