टेपचं दुसरं टोक

"किती शिकलात?" असं कोणी विचारलं की मिस्त्री सांगायचा, "क तुकडीपर्यंत." लोक हसायचे, तोही हसायचा. पाचवीत आल्या आल्या शाळेने एक चाचणी घेतली होती. तीत जी पोरं मागे पडली ती क मध्ये गेली, आणि क मध्ये एकदा बसलेलं पोर शाळा सुटेपर्यंत तिथून उठलं नाही. "याचं डोकं पुस्तकात चालत नाही, पण हातात कला आहे," असं मास्तरांनी बापाला सांगितलं. बाप स्वतः सुतार, त्याला तेवढंच हवं होतं. पुढे तीस वर्षं मिस्त्री स्वतःला मठ्ठ समजत राहिला आणि त्याच मठ्ठ डोक्याने अर्ध्या गावाची दारं, खिडक्या आणि जिने बसवत राहिला.

आता त्याची मुलगी त्याच शाळेत सातवीत होती. तीही क मध्येच. तिच्या वेळच्या चाचणीत निबंध आला होता, "माझी अभ्यासाची खोली". तिने एकच ओळ लिहिली: आम्हाला अभ्यासाची खोली नाही, मी बाबांच्या कारखान्यात फळ्यांवर बसून अभ्यास करते. दहापैकी एक गुण मिळाला. "चार ओळी खोट्या लिहिल्या असत्यास तर काय बिघडलं असतं?" आई करवादली. पोरगी म्हणाली, "पण नाहीये ना खोली."

कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. शाळेतून आली की पोरगी तिथे बापाच्या हाताखाली असायची. तिचं ठरलेलं काम म्हणजे टेपचं टोक धरणं, म्हणून बाप तिला टेपवालीच म्हणायचा. चौकट काटकोनात आहे की नाही हे बघायची मिस्त्रीची रीत त्याच्या बापाची होती. कोपऱ्यापासून एका बाजूवर तीन फुटांची खूण, दुसरीवर चार फुटांची, आणि दोन खुणांमध्ये तिरका टेप धरायचा. बरोबर पाच आले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात; लहान कामाला हेच आकडे लहान मापात घ्यायचे. पोरगी आठ वर्षांची असल्यापासून टोक धरून म्हणायची, "तीन, चार... पाच. बसली."

सहामाहीत तिला गणितात साठपैकी अठ्ठावन्न मिळाले आणि मिस्त्रीची छाती फुगली. त्याच आठवड्यात तो औषधांच्या दुकानदाराकडे अभ्यासाचं टेबल बसवायला गेला. दुकानदाराचा मुलगाही त्याच शाळेत सातवीत, पण अ मध्ये. मिस्त्रीने कौतुकाने आपल्या पोरीचे गुण सांगितले, तर मुलगा म्हणाला, "काका, आमचा पेपर शंभरचा असतो."

मिस्त्रीच्या हातातला स्क्रू तसाच राहिला. अ मध्ये जायला वार्षिकला गणितात सत्तर गुण लागतात हे त्याला माहीत होतं, शाळेच्या फळ्यावरच लिहिलेलं असायचं. साठच्या पेपरात सत्तर कुठून आणायचे? हा हिशेब आपल्याला तीस वर्षांत एकदाही कसा सुचला नाही, याचा त्याला भयंकर राग आला. टेबल त्याने नेहमीसारखंच नीट बसवलं, पण दुकानदाराच्या बायकोने विचारलेला चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तो मुख्याध्यापिकेसमोर उभा राहिला. शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. बाई वाईट नव्हत्या. "मिस्त्री, अवघड धडे आम्ही क ला शिकवतच नाही," त्या म्हणाल्या. "झेपत नाहीत त्यांना. उगाच नापास होऊन मुलं खचतात."

"वार्षिकला तिला शंभरचा पेपर द्या, मोठ्या बाई. एवढंच मागतो."

"न शिकवलेलं कसं लिहील ती?"

"ते ती बघेल."

बाईंनी थोडा विचार केला. "ठीक आहे. पण सत्तर म्हणजे सत्तर. एकाला सूट दिली की उद्या रांग लागेल."

पोरीने चार महिने जिवाचं रान केलं. बाप शिकवायला बसला, पण सोडलेले धडे त्याच्याही वेळी सोडलेलेच होते. दोघं पुस्तकातल्या आकृत्यांकडे बघत बसायची, त्यातले दोन-तीन धडे कसेबसे लागले, बाकीचे राहिले. पोरीला एकच हवं होतं, आठवीत अ. तिथे विज्ञानाची प्रयोगशाळा वापरायला मिळायची आणि क ला फक्त खिडकीतून दिसायची.

निकालाच्या दिवशी मिस्त्री शाळेतच होता. सुट्टीत अ तुकडीसाठी नवे बाक करायचं काम त्याला मिळालं होतं. अ चे जुने बाक ब ला, ब चे क ला, अशी शाळेची रीत. मोठ्या बाईंनी बापलेकीला ऑफिसात बोलावलं आणि तपासलेला पेपर पुढे ठेवला.

"चौसष्ट," त्या म्हणाल्या. "खरं सांगते, मला एवढीही अपेक्षा नव्हती. पण सहा कमी पडले."

मिस्त्रीने पेपर उलटून पालटून पाहिला. एका ठिकाणी सबंध पान कोरं होतं. वर छापलेला प्रश्न सहा गुणांचा. त्याने बोट फिरवत सावकाश वाचलं. काटकोन त्रिकोणाच्या सिद्धांताचा उपयोग करून सांगा: शिडीचा पाय भिंतीपासून तीन मीटरवर आहे, वरचं टोक भिंतीला चार मीटर उंचीवर टेकलं आहे, तर शिडीची लांबी किती?

त्याने दोनदा वाचलं. मग पोरीकडे वळून म्हणाला, "टेपवाली, तीन आणि चार."

"पाच," ती सवयीने म्हणाली.

"मग हा सोडलास कशाला?"

पोरीने वाकून प्रश्न वाचला. पहिल्यांदाच वाचत होती, हे तिच्या तोंडावर दिसलं.

"वर सिद्धांत लिहिलं होतं," ती म्हणाली. "आमच्या वर्गाच्या बाईंनी तो धडा सोडलेला. मला वाटलं, हे हुशार मुलांचं गणित आहे. म्हणून पुढचं वाचलंच नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आता येतंय, ते दिसतंय मला," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "पण पेपरात पान कोरं आहे, मिस्त्री."

मिस्त्रीने वाद घातला नाही. तीस वर्षांपूर्वी आपणही हेच पान कोरं सोडलं असतं, हे त्याला कळत होतं. बाईंनी यादी ओढली आणि पोरीच्या नावापुढे क लिहिलं.

दोघं बाहेर आली. वऱ्हांड्यात नवे बाक उलटे मांडून ठेवले होते, पाय काटकोनात आहेत का ते तपासायचं राहिलं होतं. मिस्त्रीने खिशातून टेप काढला. पोरगी गुडघ्यावर बसली आणि तिने टोक धरलं.

"तीन," मिस्त्री म्हणाला.

"चार," ती म्हणाली.