लुगड्यातली मैत्रीण

परवा आफ्रिकेतल्या एका खेड्यात, आम्ही मुलींसाठी काढलेल्या शाळेच्या स्वयंपाकघरात, भाजलेल्या पिठात गूळ पडला आणि मला बेंबळी गावाजवळचा दुष्काळातला तो उन्हाळा आठवला. दुष्काळी कामावर मजुरांना मिळणाऱ्या सुकडीला हाच वास असायचा. तलावाच्या बांधावर बाया मातीच्या पाट्या वाहत होत्या. माझे वडील तिथं मुकादम होते, त्यांचा डबा घेऊन मी गेले होते. धुरळ्यातून हिरव्या लुगड्यातली एक ठेंगणी बाई समोर आली. पदराआड पाहिलं तर वर्गात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण! लहान मुलींना कामावर घेत नसत, म्हणून आईचं लुगडं नेसून ती मोठी झाली होती, हे मला कुठं कळत होतं? मी आनंदानं ओरडले, "अगं, तू इथं? बाईंनी शाळेत बोलावलंय तुला!" वडिलांनी मान वळवली. त्यांना बहुधा सारं आधीच ठाऊक होतं, पण आता सगळ्यांदेखत त्यांचाही इलाज चालेना. त्यांनी तिच्या डोक्यावरची पाटी उतरवली. "जा पोरी, शाळंत जा," ते हळूच म्हणाले. तिची आई माझ्याजवळ आली. रागावली नाही, एवढंच विचारलं, "शाळंत भाकर देत्यात व्हय गं?" आता देशोदेशीच्या व्यासपीठांवरून मी सांगते, मुलींना कामावरून सोडवा, शाळेत घाला. टाळ्या वाजतात. माझी मान मात्र खाली जाते, कारण एका मुलीला मी तसं सोडवलं होतं, आणि ती शाळेत कधीच आली नाही.