कशावरूनबाई

बाईंना कुणी ‘आज ऊन फार आहे’ असं म्हटलं तरी त्या चटकन विचारत, “कशावरून?” त्या विचारण्यात खोच नसायची. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. रिक्षावाला म्हणाला, की पेठेतून नको, तिकडं लय गर्दी हाय, तर बाई पुढे वाकून विचारणार, “तुम्ही आत्ता तिकडून आलात की कुणी सांगितलं?”

“आवं बाई, या टायमाला असतीयाच की!”

“म्हणजे अंदाज आहे तुमचा,” असं म्हणून त्या समाधानानं मागे टेकायच्या. सांगलीच्या आमच्या कॉलेजात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी कशावरूनबाई.

एम.ए.ला त्या आम्हाला संशोधन पद्धती शिकवायच्या. गृहीतक, नमुना निवड, प्रश्नावली, मुलाखत. असा पेपर मुलं घोकतात आणि परीक्षेच्या संध्याकाळी विसरतात. पहिल्या तासाला बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. सांगलीला हळदीचा बाजार एवढा मोठा का, असं विचारलं. आम्ही एका सुरात सांगितलं, इथं हळद भरपूर पिकते म्हणून. बाई म्हणाल्या, “कशावरून? कुणाच्या रानात आहे हळद?” दोघातिघांनी हात वर केले. “मग बाकीच्यांनी ऐकीव सांगितलं. ऐकीव खोटंच असतं असं नाही. पण आपण सांगतोय ते ऐकीव आहे, एवढं आपल्याला माहीत पाहिजे. सगळा पेपर एवढाच आहे.”

माझं गाव पलूसजवळ. आमच्याकडे घरटी एखादा माणूस फौजेत असतोच, माझे वडीलही होते. म्हणून लघुप्रबंधासाठी मी जवानांच्या बायका हा विषय घेतला. प्रश्नावलीत एक प्रश्न होता, ‘तुम्हाला एकटेपणा जाणवतो का? हो किंवा नाही.’ झाडून सगळ्यांनी ‘नाही’वर खूण केली. मी तसा निष्कर्षही लिहून टाकला. बाईंनी तो वाचून एवढंच विचारलं, “भरून घेताना सासवा शेजारी बसल्या होत्या का गं?”

बसल्या होत्याच.

त्या रविवारी बाई एसटीनं माझ्या गावी आल्या. शेजारच्या सुमनकाकींच्या सोप्यात बसून त्यांच्याबरोबर शेंगा फोडायला लागल्या. वही नाही, पेन नाही. बराच वेळ शेंगांचंच बोलणं चाललं. मग सहज म्हणाल्या, “रात्रीच्याला भाजी काय करता?”

“भाजी कसली वो बाई,” सुमनकाकी हसल्या. “पोरं होस्टेलला. सासूबाईंला दूधभाकरी. माज्या एकटीपायी कोन ग्यास पेटवतंय? गार भाकरी नि चटणी, झालं की. त्येंचा फोन आला तर सांगती, भरलं वांगं केलंय म्हनून. तिकडं त्येंनी तरी पोटभर जेवावं.” बोलता बोलता त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

परतीच्या बसची वाट बघताना बाई म्हणाल्या, “एकटं वाटतं का, असं सरळ विचारलं की माणूस नाहीच म्हणतो. मीसुद्धा म्हणेन.”

बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची आमची छाती नव्हती. कृष्णेच्या घाटापासून जवळच त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. जैन घर, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण. बिल्डिंगमधल्या इतर घरांत कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या तेव्हा बाईंचा ओटा पुसून कोरडा झालेला असायचा. पुढे सगळी संध्याकाळ पडलेली. पण मी शिकत होते त्या वर्षांत ती संध्याकाळ रिकामी नसायची. अजित होता ना. पलूसच्या धाकट्या भावाचा हा मुलगा अकरावीपासून त्यांच्याकडेच राहायचा. एम.ए.ला तो माझ्याच वर्गात होता. आत्याभाच्यांचा वाद चालला की जिन्यापर्यंत ऐकू यायचा. बाई मोठ्यानं हसतात हे मला त्या जिन्यातच कळलं.

अजितचा लघुप्रबंध पुरामुळे नदीकाठची गावं सोडून आलेल्या कुटुंबांवर होता. सादरीकरणाला सगळा विभाग जमला होता. अजित छान बोलला. त्याला संस्थेतच तासिकेवर शिकवायला घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, त्यामुळे सगळे खुशीत होते. बाई मात्र त्याच्या मुलाखतींची पानं मागे-पुढे करत होत्या.

“यातला एकही माणूस भरकटत कसा नाही?” त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळेना.

“घर सोडून आलेला माणूस पुराचं सांगता सांगता म्हशीवर येतो, मुलीच्या लग्नावर येतो, मध्येच पाणी मागतो. यातलं कुणीच काही मागत नाही. विचारलं तेवढंच बोलतात.” मग अजितकडे बघून हळूच म्हणाल्या, “तू या लोकांना भेटलास?”

अजितनं पुढ्यातली फाईल मिटली. “न्हाई,” म्हणाला. एरवी कॉलेजात तो गावाकडचं बोलायचा नाही.

त्याचं वर्ष गेलं आणि तासिकेवर दुसऱ्याला घेतलं. घरच्या पोराचं असं करणारी बाई आपलं काय करील, असं स्टाफरूममध्ये लोक उघड बोलू लागले. हळूहळू बाईंच्या टेबलाशी डबा उघडायला कुणी येईनासं झालं.

सादरीकरणानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाईंचे भाऊ अण्णा टेम्पो घेऊन आले. मी पुस्तक परत द्यायला गेले होते, दारातच थांबले. अण्णांनी चप्पलसुद्धा काढली नाही.

“आक्का, परक्याच्या पोराला तरी असं केलं असतंस का गं?”

“केलं असतं,” बाई म्हणाल्या.

“मग आमी परकंच की.”

अजितची गादी, पुस्तकं, सायकल टेम्पोत चढली. अजित मान वर न करता खाली गेला. बाई गॅलरीत आल्या नाहीत. माझ्या हातातलं पुस्तक घेऊन त्यांनी ते कपाटात लावलं आणि म्हणाल्या, “जा तू आता.”

त्यानंतर अण्णा त्यांच्या घराची पायरी चढले नाहीत. भाऊबीजेला बाई दार उघडं टाकून दिवसभर घरात बसायच्या, हे मला शेजारणीनं सांगितलं. पुढे मी कराडला शिकवायला लागले. बाई निवृत्त झाल्या. मी गेले की चहा व्हायचा, माझ्या विद्यार्थ्यांची चौकशी व्हायची. अजितचं नाव निघायचं नाही.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. “अण्णा गेला. माझ्याबरोबर येशील का?”

पलूसच्या घरी बायकांनी त्यांना बसायला जागा दिली, पण भावजयीनं वळून पाहिलं नाही. बाई भिंतीला टेकून बसल्या. दुपारनंतर गर्दी ओसरली, तेव्हा अजित येऊन त्यांच्या शेजारी बसला. आता तो शेती बघत होता आणि ठिबकच्या सामानाचं दुकान चालवत होता. कानशिलांवरचे केस पिकले होते.

“आत्या, तुझं बरोबर होतं,” तो म्हणाला. “पण आधी मला एकट्याला सांगायचं होतंस.”

बाईंनी मान हलवली. त्याच्या हातावर हात ठेवायला गेल्या, तोवर कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो उठला.

परतताना बसनं तासगाव ओलांडलं. मग बाई खिडकीकडे तोंड करूनच बोलल्या, “आदल्या रात्रीच माझ्या लक्षात आलं होतं. तो पलीकडच्या खोलीतच होता. उठवणार होते मी. मग वाटलं, घरचा म्हणून झाकलं असं म्हणतील. सगळ्यांना वाटतं मी खऱ्यासाठी उभी राहिले. मी लोकांना भ्याले गं.”

मी त्यांची पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. त्यांचं सगळं अजितनंच केलं. त्या दिवशी तो मला स्टँडवर सोडायला आला, तेव्हा बाईंचं बसमधलं बोलणं मी त्याला सांगितलं. त्यानं माझी बॅग उतरवून दिली. “एकदा यायला पाहिजे होतं तिनं,” म्हणाला, आणि परत गाडीत बसता बसता, “मीबी.”

गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीनं साखर कारखान्यावरच्या ऊसतोड कामगारांच्या मुलाखती आणून दिल्या. भाषा गुळगुळीत, उत्तरं सारख्या लांबीची. मोबाईलमधल्या एआयकडून लिहून घेतलं होतं, हे दुसऱ्या पानावरच कळलं. दुसऱ्या दिवशी विभागाची बैठक होती. मी त्याच दुपारी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं आणि आधी तिला बसायला सांगितलं.