साठ पावलांवरचा डबा

पेणच्या एका शाळेत मी भूमिती शिकवतो, म्हणून सासऱ्यांच्या बंदुकीसाठी अंतर ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

सासरे रोह्याच्या आतल्या गावचे. भात कापून झालं की वावरात वाल लावायचे आणि वालावर येणाऱ्या रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगायचे. दारू, छर्रे, सगळा बार स्वतःच्या हाताने भरायचा. त्या हिवाळ्यात मात्र घरात एकच शंका होती, यांना दिसतं का? (आदल्या रविवारी दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या सदऱ्याला त्यांनी "कधी आलात?" असं विचारलं होतं.)

शेवटी तेच म्हणाले, "नवा बार भरलाय. सकाळी डबा ठेवू. लागला तर बंदूक घरात ऱ्हाईल, नाय लागला तर ठाण्यात जमा करीन. पण अंतर मास्तर ठरवतील."

बंदूक त्यांच्या वडिलांची होती. 

अंतर ठरवणं सोपं नसतं. डबा जवळ ठेवला तर फुसका बारही लागतो आणि लांब ठेवला तर चांगलाही चुकतो. त्यात बायकोने मला चुलीपाशी गाठलं.

"अहो, शंभर पावलं सांगा. चुकू दे दादांचा नेम. उद्या कुणाला लागलं म्हणजे?"

ती वळते न वळते तोच सासूबाई आल्या. "जावईबापू, वीसच धरा. बंदूक गेली तर ह्ये जेवाचे नाय."

मी दोघींनाही "बरं" म्हटलं. (माझा संसार या एका शब्दावर एकवीस वर्षं चाललाय.) मग दोघींची सरासरी काढली. साठ!

सकाळी दहा पावलांपुढचं कुणालाच दिसेना एवढं धुकं होतं. सासरे खळ्याच्या कडेला बंदूक घेऊन बसले. "समोर सगळी डोंगराची दरड हाय, तिकडं माणूस नाय, गुरं नाय," म्हणाले. मी तेलाचा रिकामा डबा घेऊन निघालो. उभा वाल तुडवायचा कसा, म्हणून बांधावरून पावलं मोजू लागलो.

आता मी मूळचा धरमतरच्या खाडीकाठचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. आमचे मिठागराचे बांध फूटपट्टीने आखल्यासारखे. डोळे मिटून चालावं आणि बरोबर समोर पोचावं. अंतर मोजायचं म्हणजे बांधावरून चालायचं, एवढंच लहानपणापासून माझ्या पायांना ठाऊक.

आणि ते धुकं! वालाच्या फुलांचा मंद वास, पायाखाली दंव, कुठेतरी भारद्वाज घुमतोय. विसाव्या पावलाला शाळा सुटल्यासारखं वाटलं. पस्तिसाव्याला मी ठरवलं की निवृत्तीनंतर इथेच राहायचं. पन्नासाव्याला त्या घराची खिडकी पूर्वेला की दक्षिणेला, तेही ठरलं. साठाव्याला एका दगडावर डबा ठेवला, तो खणखणला, आणि मी त्याच बांधावरून तरंगत परत आलो.

"या बांधाच्या टोकाला," मी हात करून दाखवलं.

सासऱ्यांनी बंदूक उचलली आणि चक्क डावीकडे वळवली. सासूबाईंनी डोळे मिटले. बायकोने माझ्याकडे 'बघितलंत?' असं पाहिलं.

"दादा, तिकडे नाही, इकडे," मी म्हणालो.

"मास्तर, जरा गप ऱ्हावा."

बार उडाला. धुक्यात धूर मिसळला आणि डावीकडे डबा खणकन कोसळला.

"लागला गो बाय!" सासूबाई लेकीला म्हणाल्या.

"साठ पावलं! मी स्वतः मोजलीत," मी छाती काढून दोनदा सांगितलं. बायकोने माझ्याकडे पाठ फिरवली.

मग ऊन आलं आणि धुकं उठलं. तिथले बांध पाण्याच्या वळणाने जाणारे. आमचा बांध वावराला विळ्यासारखा वळसा घालून परत खळ्याकडेच आला होता आणि डबा आमच्या डाव्या हाताला अगदी जवळ पडला होता. सासूबाईंनी तो उचलून आणला. पंधरा पावलं भरली. बायको हसून हसून बांधावर बसली.

सासरे हसले नाहीत. डब्याच्या भोकांवरून बोट फिरवत राहिले.

"मला डबा दिसलाच नाय, धुकं उठल्यावर पण नाय," ते म्हणाले. "मास्तरनी ठेवला तवा वाजला, तिकडं बार टाकला. आज डबा वाजला. उद्या कोण माणूस खोकला तर?"

त्यांनी बंदूक पुसली, आपल्या उपरण्यात गुंडाळली आणि म्हणाले, "चला, जाऊन येऊ."

ठाण्यात हवालदारांनी अर्ज पुढे केला. 'जमा करण्याचे कारण' अशी जागा होती. सासऱ्यांना अक्षर दिसेना, म्हणून पेन मी घेतलं.

"लिवा मास्तर," ते सावकाश सांगू लागले, "मला पंधरा पावलांवरचं दिसत नाय, आणि जावयाला दिसून पण कळत नाय."

मी लिहिलं. फक्त 'नाय'चं 'नाही' केलं. हवालदारांनी ते वाचलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढे एकही प्रश्न न विचारता शिक्का मारला.